धाकट्या जावेचं कौतुक

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन घरात आली, तेव्हा तिच्या सामानात कपड्यांपेक्षा पुस्तकांचे खोके जास्त होते. नांदेडच्या आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत ते एकावर एक रचून ठेवले होते आणि सासूबाई शेजारपाजारच्या बायांना बोलावून दाखवत होत्या.

"एमेस्सी हाय, बीएड हाय. लातूरला कॉलेजात शिकवते," त्या सांगत होत्या.

मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. मी या घरात आले तेव्हा माझ्या सामानातलं काय दाखवलं होतं, ते मी आठवून पाहिलं. देगलूरहून वडिलांनी मिरचीचा एक भरलेला कट्टा दिला होता. त्याचं कौतुक झालं होतं, नाही असं नाही. वर्षभर पुरला होता.

मी देगलूरची. बारावी चांगल्या मार्कांनी पास झाले, बीएला नाव घातलं आणि त्याच वर्षी लग्न ठरलं. "परीक्षा तिकडून दे की," असं सगळेच म्हणाले. तिकडून म्हणजे सासरहून. पहिल्या वर्षी सासऱ्यांचं आजारपण निघालं, दुसऱ्या वर्षी मुलगी झाली, आणि मग परीक्षेचा विषय कोणी काढला नाही. मीही काढला नाही. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी एका फोन कंपनीच्या ऑफिसात काउंटरवर लागले. सिमकार्ड, बिल, तक्रारी, असलं काम. गळ्यात फोटो लावलेलं ओळखपत्र असायचं. ते मी ऑफिसातून निघाले तरी लगेच काढत नसे. भाजी घेताना गळ्यात असायचं.

त्या ऑफिसात माझी एक किंमत होती. नांदेडला दवाखान्यासाठी तेलंगणातून खूप लोक येतात. फोन बंद पडला की बिचारे गांगरून जायचे. तेलुगूत बोलणारं गिऱ्हाईक आलं की साहेबसुद्धा मला हाक मारायचे. देगलूरच्या बाजारात वाढलेल्या माणसाला तेलुगू, कानडी, उर्दू वेगळी शिकावी लागत नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर एक बीए झालेली मुलगी होती. तिला मीच काम शिकवलं होतं.

मग कंपनीने ऑफिस बंद करायचं ठरवलं. बाहेरून एक मोठे साहेब आले. त्यांनी आधी सगळ्यांना समोसे आणि चहा दिला, आणि मग सांगितलं की लोक आता सगळं घरबसल्या फोनवरच करतात, काउंटरची गरज उरली नाही. जे पदवीधर आहेत त्यांना दुसऱ्या शहरात सामावून घेता येईल. बाकीच्यांना कंपनी शुभेच्छा देते. माझ्या शेजारची मुलगी सामावली गेली. तिला रडू आवरेना. माझा हात धरून ती म्हणाली, "मॅडम, तुम्हाला सोडून मी तिथे कशी राहू?" मी तिला समजावलं. समजावताना माझ्या मनात आलं, तू रडू नको बाई, तुझी जागा मला दे आणि मग दोघी हसू.

घरी येऊन सांगितलं. माझे मिस्टर मोटारींच्या स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर असतात. ते म्हणाले, "बघू, दुसरी मिळंल." सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं म्हणायचं. माझे गुडघे दुखायलेत, घरात माणूस पाहिजेच होतं." मुलगी दहावीच्या अभ्यासात होती. तिने मान वर करून "अरे बापरे" म्हटलं आणि पुन्हा वहीत घातली. रात्रीला वांग्याची भाजी ठरली होती, तीच केली.

जेवायच्या आधी लातूरहून जावेचा फोन आला. तिला मिस्टरांनीच कळवलं असणार.

"अक्का, अजिबात टेन्शन घेऊ नका," ती म्हणाली. आमच्याकडे थोरल्या जावेला अक्काच म्हणतात. "तुम्ही मुक्त विद्यापीठातून बीए करून टाका. घरबसल्या होतं. मी पुस्तकं पाठवते, नोट्स काढून देते."

"बघते," मी म्हटलं.

तिचं काही चुकलं नव्हतं. ती चांगल्या मनाचीच आहे, आणि हीच माझी अडचण होती. वाईट माणसाचा हेवा करणं सोपं असतं. त्याला नावं ठेवता येतात. हिला काय नावं ठेवू? पण "करून टाका" हे तिचे दोन शब्द माझ्या अंगाला कुसळासारखे टोचत राहिले. तिने ते कसं सहज केलं होतं! वडील शिक्षक, घरात टेबल-खुर्ची, परीक्षेच्या दिवसांत आई दूध आणून ठेवणारी. तिच्यासाठी पदवी म्हणजे करून टाकायची गोष्ट होती.

पुढचे महिने मी काम शोधत फिरले. एका दवाखान्यात रिसेप्शनवर जागा होती. एका शाळेच्या ऑफिसात होती. एका गाड्यांच्या शोरूमलाही बाई पाहिजे होती. सगळीकडे आधी छान बोलायचे, अनुभव ऐकून मान डोलवायचे, आणि मग विचारायचे, "ग्रॅज्युएशन कुठून?" मी "बारावी" म्हटलं की समोरचं माणूस एकदम मऊ आवाजात बोलायला लागायचं. आजारी माणसाशी बोलतात तसं. शाळेतल्या बाईंनी तर "तुमचं अक्षर किती सुंदर आहे" असंही सांगितलं. नोकरी दिली नाही.

मुलीची दहावी झाली. तिने जाहीर केलं की तिला अकरावी-बारावी लातूरला करायची आहे, काकूकडे राहून. त्यात आश्चर्य नव्हतं. नांदेडलाही क्लास आहेत, पण मुलांच्या डोक्यात लातूर बसलेलं असतं, आणि हिच्या डोक्यात तर काकू बसलेली होती. भौतिकशास्त्रातलं काही अडलं की ती काकूला व्हिडिओ कॉल लावायची. दोघी तासन् तास बोलायच्या, हसायच्या. बलाच्या आणि वेगाच्या गणितात हसण्यासारखं काय असतं ते मला कधी कळलं नाही.

"मी पण येते," मी म्हटलं.

मिस्टर माझ्याकडे बघतच राहिले. सासूबाई मात्र म्हणाल्या, "जा. पोरीची जात, तिच्यापाशी आई पाहिजे. इकडचं मी बघते." गुडघ्यांचं त्यांनी काही काढलं नाही.

आम्ही दोघी लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने लातूरला गेलो. मनात असं होतं की लातुरात एवढी हॉस्टेलं, एवढ्या खानावळी, एवढे क्लास; मला काहीतरी मिळेलच. आणि खरं कारण असं होतं की मुलगी पूर्ण काकूची होऊन जाईल याची मला भीती वाटत होती.

जावेचं घर औसा रोडच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. त्या घरात राहिल्यावर माझा हेवा घरातल्या घरात वाढायला लागला. लांबून हेवा करताना माणूस निदान अंदाज करतो, इथे सगळं डोळ्यांसमोर होतं. सकाळी माझे दीर स्वतः चहा करायचे आणि तिच्या टेबलावर नेऊन ठेवायचे. ती मान वर न करता "थँक्यू" म्हणायची. तिच्या पुस्तकांच्या कपाटाला काचेची दारं होती. संध्याकाळी जेवणं झाली की ती आणि माझी मुलगी त्या टेबलापाशी बसायच्या, एकाच कागदावर दोघींची पेनं चालायची. मी ओट्यावरून बघायची. एकदा मुलगी म्हणाली, "काकू, तू माझी आई असतीस तर मी बोर्डात आले असते." गमतीने म्हणाली. जाऊ लगेच म्हणाली, "गप गं, अक्कांनी ऐकलं तर?" अक्कांनी ऐकलं होतं. अक्का त्या वेळी कढई घासून राहिल्या होत्या.

कामाचं जमत नव्हतं. जावेने तिच्या ओळखीने एका क्लासच्या ऑफिसात शब्द टाकला. तिथेही पदवीवर येऊन गाडी अडली. मुलींच्या हॉस्टेलवर मावशी म्हणून ठेवतो, म्हणाले. हो म्हणायचं माझ्या मनात होतं, पण जाऊच म्हणाली, "नको अक्का, ते तुमच्यासारख्यांचं काम नाही." माझ्यासारख्यांचं काम कोणतं, ते तिलाही सांगता येत नव्हतं.

घराखाली तिची गाडी उभी असायची. दिरांनी तिच्यासाठी घेतलेली पांढरी छोटी कार, वर करड्या रंगाचं कव्हर घातलेली. ती एकदा शिकायला गेली होती, पण एका उसाच्या ट्रॅक्टरसमोर गाडी बंद पडली, मागून सगळे हॉर्न वाजवायला लागले, आणि तिने धसका घेतला. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दीर ती चालवायचे. ते कव्हर बघून मला आत कुठेतरी बरं वाटायचं. ही एक गोष्ट तिला येत नाही, असं मी मनाशी म्हणायची.

एके दिवशी तिला औशाच्या एका शाळेत परीक्षेवर पर्यवेक्षक म्हणून जायचं होतं. दीर पुण्याला गेलेले. ठरवलेल्या रिक्षावाल्याने ऐनवेळी नाही म्हणून सांगितलं आणि एसटीने वेळेवर पोचणं होणार नव्हतं. ती दारात चपला घालून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"चावी दे," मी म्हटलं.

"कशाची?"

"गाडीची."

"अक्का, तुम्हाला गाडी येते?"

"टेम्पो येतो," मी म्हटलं. "ही त्यापेक्षा बारीकच आहे."

माझ्या वडिलांचा मालाचा टेम्पो होता. देगलूरहून मिरची, हरभरा, डाळ असा माल ते सीमेपलीकडच्या बाजारांना न्यायचे. त्यांना मुलगा नव्हता आणि एका वर्षी त्यांचा खांदा निखळला. तेव्हा त्यांनी मला शेजारी बसवून उदगीरच्या रस्त्यावर टेम्पो शिकवला. त्यांच्या बोलण्यात तेलुगू मिसळलेलं असायचं. "मेल्लगा, अम्मा, मेल्लगा," एवढंच ते म्हणत. हळू, हळू. कधी ओरडले नाहीत. अठरा पूर्ण झाल्यावर लायसनही काढून दिलं. सासरी स्कूटर होती, टेम्पो नव्हता, त्यामुळे विषय निघाला नाही. लायसन मी ओळखपत्र म्हणून पर्समध्ये ठेवायची.

पहिल्या वळणावर गियर कुरकुरला. नंतर हात आपोआप चालायला लागले. जाऊ सीटचा पट्टा घट्ट धरून बसली होती. गावाबाहेर पडल्यावर तिने श्वास सोडला. एका बाजूला लोकांनी सोयाबीन वाळत घातलं होतं, समोरून दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर येत होता. मी गाडी खाली उतरवून त्याला जाऊ दिलं.

"तुम्हाला भीती नाही वाटत?" तिने विचारलं.

"त्याला पण घरी जायचं असतं," मी म्हटलं. हेही वडिलांचंच वाक्य होतं.

त्यानंतर मी तिला रोज कॉलेजला सोडायला लागले. तिथे पार्किंगमध्ये तिच्या बरोबरीच्या बायका मला बघायच्या. एक दिवस मराठी शिकवणाऱ्या बाई जवळ आल्या. घरी गाडी आहे, नवरा शिकवताना ओरडतो, म्हणाल्या. तुम्ही शिकवाल का? मी हो म्हटलं. त्यांच्यामागोमाग आणखी दोघी आल्या. आणि मग जाऊ म्हणाली, "अक्का, आधी मला."

बार्शी रोडकडे एक मोकळं मैदान होतं, तिथे मी तिला न्यायला लागले. माझ्या मनात होतं की ही काही लवकर शिकत नाही. पहिले दोन दिवस ती क्लच एकदम सोडायची आणि गाडी उडी मारून बंद पडायची. मी वडिलांच्या आवाजात "मेल्लगा" म्हणायची आणि आतून खूश असायची. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं की क्लच दाबल्यावर आत नेमकं काय सुटतं. मला नीट सांगता आलं नाही. तिने घरी जाऊन ते वाचलं, माझ्या मुलीला चित्र काढून समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडी अशी उचलली की मला धक्कासुद्धा जाणवला नाही. आठवड्याभरात ती गांधी चौकातून गाडी घेऊन गेली. चढावर थांबवून, मागे एक बोटभर न सरकवता, पुन्हा चालू केली. मला ते जमायला एक पावसाळा गेला होता.

"छान," मी म्हटलं. ते खरंच छान होतं. घरी येऊन मी कव्हर घडी करून माळ्यावर टाकलं आणि मला उगीच रडू आलं.

त्या मैदानावर एका ड्रायव्हिंग स्कूलच्याही गाड्या यायच्या. त्याचे मालक वयस्कर, तोंडात कायम सुपारी. झाडाखाली खुर्ची टाकून बसायचे. मी मराठीच्या बाईंना रिव्हर्स शिकवत होते, ते त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे आले.

"ताई, आमच्याकडं बाया येतात, पण शिकवणाऱ्या पोरांपुढं लाजतात. निम्म्या मधीच सोडून जातात. तुम्ही येता का आमच्याकडं?"

मी आधीच सांगून टाकलं, "माझी पदवी नाही."

"कशाची?"

"कशाचीच. बारावी झालीय."

ते हसले नाहीत. सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. "दहावी लागती. तुमची तर दोन वर्षं जास्तच झाली की," म्हणाले.

माझं काम सुरू झालं. शिकवण्याच्या गाडीत डाव्या बाजूलाही एक ब्रेक असतो, तो माझ्या पायाखाली आला. ज्या बाया यायच्या त्यांत डॉक्टर होत्या, बँकेतल्या होत्या, घरातल्या होत्या. स्टिअरिंगपुढे सगळ्यांचे हात सारखेच घामेजायचे. उदगीरकडची एक बाई घाबरली की कानडीत बोलायला लागायची, मग मीही कानडीत उत्तर द्यायची. दुपारी घरी येताना माझ्या गळ्यात पुन्हा एक ओळखपत्र असायचं. मालकांनी माझं शिकवण्याचं रीतसर लायसनही काढून दिलं. त्याच्या परीक्षेसाठी खुणा आणि नियम मी पाठ केले, आणि त्यासाठी एक संध्याकाळ जावेच्या टेबलावर बसले. मला तिथे बसलेलं बघून मुलगी म्हणाली, "आई, तू अभ्यास करताना फार कपाळाला आठ्या घालतेस."

त्या वर्षी उदगीरला नात्यातलं एक लग्न होतं. नांदेडहून सासूबाईही आल्या होत्या. बायांच्या घोळक्यात कोणीतरी त्यांना विचारलं, थोरली सून सध्या काय करून राहिली?

"गाडी चालवायली लातुरात," त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या. आणि मग मोठ्याने, "धाकटी पीएचडी करायली."

जाऊ तिथेच होती. ती म्हणाली, "आई, अक्का गाडी चालवत नाहीत, शिकवतात. मलाही त्यांनीच शिकवली. आमच्या कॉलेजातल्या निम्म्या बायका त्यांच्या विद्यार्थिनी आहेत."

बायांनी माझ्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं. एकीने लगेच तिच्या सुनेला शिकवाल का विचारलं. मी पानात भात कालवत बसले. मला आनंद व्हायला हवा होता. पण मला एकच दिसत होतं, की मी केलेल्या कामाचा मानसुद्धा तिच्या तोंडून बाहेर पडला तेव्हाच खरा ठरला. मी स्वतः सांगितलं असतं तर त्याला बढाई म्हटलं असतं.

मुलगी बारावी झाली. डॉक्टरकी नको, म्हणाली, फिजिक्स घेऊन बीएस्सी करायचं. काकूसारखं, असं ती म्हणाली नाही. म्हणायची गरज नव्हती. तिने नांदेडलाच प्रवेश घ्यायचं ठरवलं, आणि मीही परत जायच्या तयारीला लागले. मालकांच्या ओळखीने नांदेडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझं बोलणंही झालं. आता सामान बांधायचं, एवढंच उरलं होतं.

तेवढ्यात जावेची नोकरी गेली.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ती कायम नव्हतीच. ती तासांवर होती. जेवढे तास शिकवायचे तेवढ्यांचाच पगार, उन्हाळ्यात काम बंद, आणि जूनमध्ये पुन्हा नवी ऑर्डर. एवढी वर्षं ती ऑर्डर येत होती म्हणून तिने आणि दिरांनी कोणाला सांगितलं नव्हतं. या वर्षी मुलं कॉलेजात नुसती नावं घालतात आणि दिवसभर क्लासला बसतात, म्हणून तास कमी झाले, आणि उरलेले तास दुसऱ्या कोणाला गेले. पीएचडी अजून अर्धवट होती.

ऐकल्याबरोबर माझ्या मनात एक क्षणभर काय झालं ते मी लिहितेच. मला बरं वाटलं. ते लगेच गेलं, पण आलं होतं.

ती दोन दिवस खोलीच्या बाहेर आली नाही. दीर रजा काढून घरी बसले. तिच्या माहेरचे आले. आणि तिसऱ्या दिवशी, जिना चढता येत नाही म्हणून दोन वर्षांत एकदाही त्या घरी न आलेल्या सासूबाई नांदेडहून आल्या, दिरांच्या खांद्याला धरून एकेक पायरी चढल्या. पिशवीत धपाटे आणि लोणच्याची बरणी होती. त्या तिच्या पलंगावर बसल्या, तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "एवढी शिकलेली पोर माझी. काय केलं गं मेल्यांनी."

मी चहा टाकला. सगळ्यांना दिला. मग गॅलरीत जाऊन उभी राहिले. माझी नोकरी गेली त्या दिवशीची वांग्याची भाजी मला आठवत होती. तिच्यासाठी सासूबाई जिना चढल्या, माझ्यासाठी कोणी स्वयंपाकघराचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता. तिच्या सुखाचा हेवा मी वर्षानुवर्षं केला होता, त्याची सवय झाली होती. आता मी तिच्या दुःखाचाही हेवा करत होते. पदवी असली की रडण्यालासुद्धा वजन येतं, असं मला वाटलं.

मुलगी मागून आली. "आई, काकूला किती वाईट वाटत असेल ना."

"माझी गेली तेव्हा तुला वाटलं होतं का?"

तिने गॅलरीचा कठडा धरला. मग म्हणाली, "तू रडली नाहीस ना. तू दुसऱ्या दिवशी माझा डबा केलास, नेहमीसारखा. मला वाटलं, तुला एवढं काही नाही वाटलं."

"तुझी दहावी होती," मी म्हटलं.

ती माझ्या जवळ उभी राहिली. खाली रस्त्यावरून पाण्याचा टँकर गेला तो आम्ही दोघींनी पाहिला.

संध्याकाळी जाऊ स्वतःच ओट्यापाशी आली. डोळे सुजलेले. मी पोळ्या लाटत होते, ती भाजायला लागली. तिला पोळी भाजता येत नाही, कडेला कच्ची राहते. मी त्या तशाच डब्यात ठेवत गेले.

"अक्का, तुमची नोकरी गेली तेव्हा तुम्ही काय केलं?"

माझ्या जिभेवर बरंच काही होतं. "काय करणार? दारोदार विचारत फिरले," मी म्हटलं. "नाही म्हटलं की पुढच्या दारात. लाज पहिल्या तीन-चार दारांनाच वाटते."

"मला कोणी नाही म्हटलेलंच नाही कधी," ती म्हणाली. फुशारकीने नाही, घाबरून म्हणाली. तेव्हा मला दिसलं की माझ्याकडे जी सवय होती ती तिच्याकडे नव्हती. पण त्याने माझा हेवा कमी झाला असं मी म्हणणार नाही. नकाराची सवय नसणं ही काही कमी चैन नाही.

नंतर मी नांदेडला आले आणि ती लातूरहून अर्ज करत राहिली. मुलाखतीला जाताना ती मला फोन करायची. नांदेडजवळ मुलाखत असली की आमच्याकडे उतरायची आणि मी बरोबर जायची. दोन ठिकाणी तिला नाही म्हणाले. तिसऱ्या ठिकाणाहून बाहेर आली तेव्हा हसत होती, म्हणाली, "अक्का, आता सवय व्हायला लागली." अखेर किनवट तालुक्यातल्या एका निवासी शाळेत तिला जागा मिळाली. कायमची. जंगलाच्या कडेला, मुली तिथेच राहून शिकणाऱ्या. दिरांना लातूर सोडता येत नव्हतं, पण ती म्हणाली, मी जाते.

ती लातूरहून एकटी गाडी चालवत नांदेडला आली, एक मुक्काम केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर निघाले. भोकर गेलं, हिमायतनगर गेलं. पुढे दोन्ही बाजूंनी सागाची झाडं जवळ आली. रस्ता वळणावळणाचा झाला. मी डावीकडे बसून प्रत्येक वळणावर पाय दाबत होते, पण तिच्या गाडीत माझ्या पायाखाली काही नव्हतं. तिला माझी गरज पडली नाही. एकदा समोरून बैलगाडी आली तेव्हा तिने स्वतःहून गाडी खाली उतरवली आणि वाट बघत थांबली.

शाळेच्या फाटकात गाडी शिरली तशा मुली धावत आल्या. कोणीतरी त्यांना सांगून ठेवलेलं असणार. "नमस्ते मॅडम," असं सगळ्या एका सुरात म्हणाल्या. एकीने तिची बॅग घेतली, दुसरीने पुस्तकांचा खोका उचलायचा प्रयत्न केला. मुख्याध्यापिका बाहेर आल्या. जावेने माझी ओळख करून दिली, "या माझ्या जाऊबाई."

"तुम्हीही शिक्षिका का?" त्यांनी विचारलं.

"हाव," मी म्हटलं. "गाडी शिकवते."

त्यांनी आम्हाला वर्ग दाखवले. एका वर्गात जाऊ फळ्यापाशी गेली, खडू उचलला आणि काही कारण नसताना एक सरळ रेघ ओढली. मुलींनी खिडकीतून डोकी आत घातली होती. मी मागच्या बाकावर बसले. बाक लहान होता, गुडघे अडकत होते. त्या क्षणी मला तिची जागा फार हवीशी वाटली. नोकरी नव्हे, पगार नव्हे. तो फळा, आणि त्याच्याकडे पाठ करून वळल्यावर समोर दिसणारी ती तोंडं. मला ती कधी मिळणार नाहीत. चाळिशी जवळ आल्यावर माणसाला असं काही पक्कं कळतं, आणि ते कळूनही बाकावरून उठून चहा प्यायला जावं लागतं.

निघताना ती मला स्टेशनवर सोडायला आली. "अक्का, राहा ना एक दिवस," म्हणाली. मी म्हटलं, उद्या सकाळी माझ्याकडे नव्या बाया आहेत, त्यांचा पहिला दिवस आहे. पहिल्या दिवशी शिकवणारी आली नाही तर त्या परत येत नाहीत. तिला ते पटलं. गाडी हलली तरी ती फलाटावर उभी होती, हातात चावी फिरवत.

भोकरच्या आसपास फोनला रेंज आली आणि लगेच सासूबाईंचा फोन वाजला.

"धाकटी पोचली का नीट?"

"पोचली. तुम्हाला रात्री फोन करते म्हणाली."

"गाडी तिनंच नेली का अख्खी? जंगलातून?"

"हाव. तिनंच."

"शिकलेली पोर हाय ती. तिला काय अवघड," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"मी शिकवलेली हाय ती," मी म्हटलं.

 

"हाव, ते बी हायच," त्या म्हणाल्या. "येताना दही घेऊन ये. घरातलं संपलंय."